सूर्यावरचा स्फोट आणि सौरवाऱ्यातले वादळ

सूर्याकडून आपल्याला प्रकाश आणि उष्णता मिळते, हे आपण प्राथमिक शाळेपासून शिकवत आलो आहोत. परंतु सूर्याकडून आणखीही एक गोष्ट अखंडपणे येत असते, ती म्हणजे विद्युत्-भारित कणांचा प्रवाह. या प्रवाहाला सौरवारा म्हणतात. पृथ्वीजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो, आणि एका घनसेंटिमीटरमध्ये त्याचे जेमतेम पाच-दहा कण सापडतात. आपल्या प्रयोगशाळेतील चांगल्यात चांगली निर्वात पोकळीसुद्धा याहून दाट असते. एवढ्या विरळ वाऱ्यात वादळ उठते आणि त्याने पृथ्वीवरील होकायंत्रे थरथरतात, वीजपुरवठा बंद पडतो, असे सांगितले तर विद्यार्थी सहजासहजी विश्वास ठेवणार नाहीत. शास्त्रज्ञांनाही ते पटायला शंभर वर्षे लागली. ती शंभर वर्षे कशी गेली आणि त्यातून काय कळले, हे या लेखात पाहू.

रेडहिल आणि कुलाबा

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी लंडनच्या दक्षिणेस असलेल्या रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक नेहमीप्रमाणे सौरडागांचे चित्र काढत होता. दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेत, डागांच्या एका मोठ्या समूहावर, ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास त्याला अत्यंत तेजस्वी प्रकाशाचे दोन ठिपके दिसले. पाचेक मिनिटांत ते सरकत सरकत नाहीसे झाले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तीच घटना स्वतंत्रपणे पाहिली. मानवाने नोंदवलेली ही पहिली सौरज्वाला.

त्याच क्षणी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील चुंबकमापकाच्या आलेखात एक लहानसा झटका उमटला. परंतु खरी गोष्ट पुढेच होती. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीभर प्रचंड चुंबकीय वादळ उठले. एरवी ध्रुवांजवळच दिसणारा ध्रुवीय प्रकाश क्यूबासारख्या उष्ण कटिबंधातील ठिकाणीही दिसला. तारायंत्रांच्या तारांत आपोआप विद्युत्-प्रवाह वाहू लागले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारबाबूंनी तर बॅटऱ्या सोडवून ठेवून केवळ या आयत्या प्रवाहावर काही काळ संदेश पाठवले.

या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद आपल्या मुंबईत झाली. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे नियमितपणे घेतली जात होती. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी तेथील मापकातील क्षैतिज घटक एकाएकी खाली आला. वादळ चालू असता नेहमीच्या तासातासाच्या वाचनांऐवजी काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेण्यात आली. म्हणूनच ही घसरण किती होती हे आज सांगता येते. ती सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती, म्हणजे मुंबईतील क्षैतिज क्षेत्राच्या सुमारे चार टक्के. युरोपातील कित्येक वेधशाळांत प्रकाशकिरणाने छायाचित्र-कागदावर आलेख उमटत असे. वादळाच्या जोराने तो किरणच कागदाबाहेर गेला. कुलाब्याला माणूस डोळ्यांनी आकडा वाचून वहीत लिहीत होता, त्यामुळे तेथे नोंद शिल्लक राहिली.

या आकड्यांकडे पुढे फार काळ कोणाचे लक्ष गेले नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधक आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी २००३ साली ही वाचने अभ्यासून प्रसिद्ध केली, तेव्हा १८५९ चे वादळ किती मोठे होते याचा प्रत्यक्ष मापनावर आधारलेला अंदाज जगाला मिळाला. या आकड्याचा अर्थ कसा लावावा याबद्दल मतभेद आहेत. तासाची सरासरी घेतल्यास घसरण बरीच कमी, ८५०-९०० च्या आसपास भरते. परंतु चर्चा ज्यावर चालते ती नोंद कुलाब्याचीच आहे.

दिग्गजाचा नकार

कॅरिंग्टन सावध होता. ज्वाला आणि वादळ या दोन घटना लागोपाठ घडल्या एवढेच त्याने नमूद केले. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सांगू नये, अशी त्याची भूमिका होती. पण उदाहरणे एकच नव्हते. सौरडागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या आवर्तनाने कमी-जास्त होते आणि पृथ्वीवरील चुंबकीय खळबळही त्याच तालावर वाढते-घटते, हे एडवर्ड सॅबिन याने १८५२ सालीच दाखवले होते.

मग अडले कोठे? अडले यंत्रणेपाशी. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधील पंधरा कोटी किलोमीटरची जागा रिकामी मानली जात होती. त्या पोकळीतून परिणाम पोहोचणार कसा? लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून याचा हिशेबच मांडला. जून १८८५ मधील एका आठ तासांच्या चुंबकीय वादळासाठी सूर्याला जी ऊर्जा खर्च करावी लागेल, ती त्याच्या चार महिन्यांच्या प्रकाश-उष्णतेएवढी येते, असे त्यांनी दाखवले. हे अशक्य आहे, म्हणून सौरडाग आणि चुंबकीय वादळे यांचा संबंध केवळ योगायोगाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. केल्व्हिन यांचा गुणाकार बरोबर होता. चुकीचे होते ते गृहीत. सूर्य हा जणू एक मोठा चुंबक असून तो आपला परिणाम चोहोबाजूंना सारखा पसरवतो, असे धरून त्यांनी हिशेब केला होता. सूर्यावरून एखादी वस्तू एकाच दिशेने निघाली आणि ती नेमकी पृथ्वीवर येऊन आदळली, तर ऊर्जेची गरज कित्येक पटींनी कमी होते. परंतु अशी काही वस्तू असू शकते हा विचार त्या हिशेबात नव्हता.

त्या विचाराला आधार मिळाला तो पुन्हा जुन्या नोंदवह्यांतूनच. ग्रिनिच वेधशाळेतील वॉल्टर माँडर यांनी अनेक वर्षांच्या चुंबकीय वादळांच्या तारखा मांडल्या आणि १९०४ साली दाखवून दिले की कित्येक वादळे सत्तावीस दिवसांनी पुन्हा येतात. पृथ्वीवरून पाहता सूर्याला स्वतःभोवती फिरायला तेवढेच दिवस लागतात. म्हणजे बागेत फिरणाऱ्या फवाऱ्याची धार जशी ठराविक वेळाने आपल्या अंगावर येते, तशी सूर्यावरील विशिष्ट जागेतून निघालेली अरुंद धार दर फेरीला पृथ्वीवर येत असली पाहिजे.

याच सुमारास आपल्याकडे एक शहाणपणाचा निर्णय झाला. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या होत्या. त्यांच्या विद्युत्-प्रवाहाने कुलाब्याची मापने बिघडली असती. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेण्यात आली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटू नये. कुलाबा-अलिबागची ही मालिका जगातील सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक आहे.

ढग की वारा?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक चित्र हळूहळू तयार झाले. सूर्यावर ज्वाला उफाळते, तेथून विद्युत्-भारित कणांचा ढग सुटतो आणि एक-दोन दिवसांनी पृथ्वीला गाठतो. सिडनी चॅपमन आणि त्यांचे विद्यार्थी व्हिन्सेंट फेरारो यांनी १९३०-३१ मध्ये याचे गणित मांडले. ढगात धन आणि ऋण भार समसमान असले पाहिजेत, नाहीतर एकाच भाराचे कण परस्परांना दूर लोटून ढग वाटेतच उधळून देतील. असा ढग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की ते क्षेत्र दाबले जाते आणि जमिनीवरील मापकात अचानक उडी दिसते. बहुतेक मोठ्या वादळांच्या आरंभी अशी उडी खरोखरच दिसते.

मात्र या चित्रात ढग येत होते ते पोकळीतून. दोन ढगांच्या मधल्या काळात अवकाश रिकामे आहे, हे गृहीत कायम होते. त्याला पहिला तडा दिला तो धूमकेतूंनी. धूमकेतूची वायुरूप शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, आणि तिच्यातील गाठी मोठ्या वेगाने दूर ढकलल्या जातात. एवढा जोर नुसत्या प्रकाशाच्या दाबाने येत नाही, असे जर्मनीतील लुडविग बीअरमान यांनी १९५१ साली दाखवले. आणि धूमकेतू तर कोणत्याही वर्षी, कोणत्याही दिशेला दिसोत, शेपटी असतेच. तेव्हा सूर्यापासून कणांचा प्रवाह सर्व काळ, सर्व दिशांना वाहत असला पाहिजे.

पुढचे पाऊल शिकागो विद्यापीठातील यूजीन पार्कर या तरुण शास्त्रज्ञाने टाकले. सूर्याच्या प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक आहे, हे १९४० च्या दशकात कळून चुकले होते. एवढा तप्त वायू सूर्याभोवती स्वस्थ बसूच शकत नाही, तो बाहेर वाहिला पाहिजे आणि दूर जाता जाता त्याचा वेग ध्वनीच्या वेगाहून जास्त झाला पाहिजे, हे पार्कर यांनी १९५८ साली चार ओळींच्या गणितासारख्या साध्या युक्तिवादाने मांडले. या प्रवाहाला त्यांनीच सौरवारा हे नाव दिले. लेख तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांनी तो नाकारला. 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'चे संपादक तेव्हा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. त्यांनाही ही कल्पना रुचली नव्हती. परंतु परीक्षकांना गणितात चूक दाखवता आलेली नाही, हे पाहून त्यांनी लेख छापला. न पटणाऱ्या पण चूक न सापडलेल्या विचाराला जागा देणे हीही विज्ञानाचीच सेवा आहे.

१९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या ल्यूना यानांवरील उपकरणांना असे कण सापडले. शंका पुरती फिटली ती १९६२ साली. शुक्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या मरिनर-२ यानाला वाटेत सुमारे तीन महिने हा वारा सतत लागत राहिला. ७ ऑक्टोबर १९६२ रोजी या यानाच्या उपकरणांत वाऱ्याचा वेग, घनता आणि चुंबकीय क्षेत्र यांनी एकदम उडी घेतली, आणि काही तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळाची सुरुवात झाली. सौरवाऱ्यातून प्रवास करणारा धक्का-तरंग प्रथमच वाटेत पकडला गेला होता. असा तरंग असावा, हे टॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्येच सुचवले होते.

स्फोटाने वारा कसा बिघडतो?

सूर्यावरून नेमके काय सुटते ते डोळ्यांनी पाहायला आणखी नऊ वर्षे लागली. सूर्याचे तेजस्वी बिंब झाकून कृत्रिम खग्रास ग्रहण घडवणारी दुर्बीण ओएसओ-७ या उपग्रहावर होती. डिसेंबर १९७१ मध्ये तिने प्रभामंडलातून बाहेर झेपावणारा एक प्रचंड ढग टिपला. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब अंतराळस्थानकातून असे कित्येक ढग दिसले. शास्त्रज्ञ यांना 'कोरोनल मास इजेक्शन' म्हणतात, आपण द्रव्यक्षेप म्हणू. एका मोठ्या द्रव्यक्षेपात अब्जावधी टन आयनीभूत वायू असतो, आणि त्याच्यासोबत सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा पिळलेला दोरखंडही बाहेर पडतो. वेग सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटरपासून ३,००० किलोमीटरपर्यंत काहीही असू शकतो.

आता हा ढग रिकाम्या जागेत नव्हे, तर वाहत्या वाऱ्यात शिरतो. नदीचे उदाहरण घेऊ. प्रवाहात सोडलेला ओंडका प्रवाहाहून सावकाश असेल, तर पाणी त्याला ढकलून आपला वेग देते. परंतु प्रवाहाच्याच दिशेने भरधाव जाणारी मोटरबोट पुढचे पाणी रेटत जाते. तिच्यापुढे पाण्याची कड उभी राहते, आणि पाण्याच्या विरोधामुळे तिचा वेग कमी होत जातो. द्रव्यक्षेपांचेही असेच होते. सावकाश निघालेल्याला सौरवारा वेग देतो, वेगाने निघालेल्याचा वेग सौरवारा कमी करतो. म्हणून सूर्याजवळ त्यांच्या वेगांत जेवढा फरक असतो, तेवढा पृथ्वीजवळ राहत नाही.

वेगवान द्रव्यक्षेपापुढे धक्का-तरंग उभा राहतो. येथे नदीची उपमा अपुरी पडते. पाण्याचे रेणू एकमेकांवर आदळून धक्का पुढे देतात. सौरवारा इतका विरळ आहे की त्याच्या कणांची टक्कर जवळजवळ होतच नाही. तेथे टकरीचे काम चुंबकीय आणि विद्युत् क्षेत्रे करतात.

अंतराळयान एका जागी उभे असून असे वादळ त्याच्यावरून गेले, तर त्याला तीन गोष्टी क्रमाने जाणवतात. प्रथम धक्का-तरंग येतो आणि सारे आकडे क्षणार्धात चढतात. त्यामागे रेटला गेलेला, दाबलेला, तापलेला आणि खळबळलेला सौरवारा येतो. शेवटी मूळ ढग येतो. त्यात चुंबकीय क्षेत्र प्रबळ पण शांत असते, त्याची दिशा हळूहळू फिरत जाते आणि वायू सभोवतीच्या वाऱ्याहून थंड असतो. जानेवारी १९७८ मध्ये व्हॉयेजर आणि हेलिओस यांच्यासह पाच यानांवरून असा एक ढग गेला. लिओनार्ड बुर्लागा आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली त्याचे वर्णन करून 'चुंबकीय मेघ' ही संज्ञा रूढ केली. प्रवासात फुगत फुगत पृथ्वीपाशी येईपर्यंत त्याची रुंदी सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे पाव भाग होते. तो ओलांडून जायला बहुधा एक दिवस लागतो.

मग कॅरिंग्टनने पाहिलेल्या ज्वालेचे काय? ज्वाला आणि द्रव्यक्षेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुंबकीय क्षेत्राची साठलेली ऊर्जा एकाएकी मोकळी होण्यातून त्या दोन्ही घडतात, मोठ्या घटनांत बहुधा बरोबरच घडतात. पण ज्वालेविना द्रव्यक्षेप आणि द्रव्यक्षेपाविना ज्वालाही असतात. सौरवाऱ्यातील मोठ्या खळबळीचे आणि चुंबकीय वादळाचे कारण ज्वाला नसून द्रव्यक्षेप आहे, असे जॅक गॉसलिंग यांनी १९९३ साली ठासून मांडले. त्यावर बराच वाद झाला. ज्वालेचे क्ष-किरण प्रकाशाच्या वेगाने आठ मिनिटांत येतात. क्यूच्या आलेखातील पहिला लहान झटका त्यांचा होता. साडेसतरा तासांनी आलेले वादळ द्रव्यक्षेपाचे होते.

दिशेचे महत्त्व

सर्वांत वेगवान द्रव्यक्षेप सर्वांत मोठे वादळ आणतो का? ऑगस्ट १९७२ मधील घटना याचे उत्तर देते. ४ ऑगस्टला आलेल्या द्रव्यक्षेपाने सूर्य-पृथ्वी अंतर केवळ साडेचौदा-पंधरा तासांत कापले. हा वेगाचा विक्रम आहे. तरीही चुंबकीय वादळ त्या मानाने मध्यमच झाले, कारण त्या मेघातील चुंबकीय क्षेत्राची दिशा मुख्यतः उत्तरेकडे होती. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर उत्तरेकडे रोखलेले असते. येणारे क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल, तर दोहोंच्या बलरेषा तुटून परस्परांना जोडल्या जातात आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते. जेम्स डंगी यांनी हा विचार १९६१ मध्ये मांडला. केल्व्हिन यांच्या कोड्याचा राहिलेला अर्धा भाग येथे सुटतो. वादळाची ऊर्जा पृथ्वी आपल्याजवळून जाणाऱ्या वाऱ्यातून उचलते, आणि दार कोणत्या दिशेला उघडे आहे त्यावर ती किती मिळेल हे ठरते.

हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अशाच वादळाने दीड मिनिटात कोलमडली आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. १० मे २०२४ रोजी एकाच सौरडाग-समूहातून लागोपाठ सुटलेले अनेक द्रव्यक्षेप पृथ्वीवर येऊन थडकले. मागचे ढग पुढच्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने येऊन त्यांना गाठतात, तेव्हा परिणाम वाढतो. त्या रात्री लडाखमधील हान्ले येथूनही आकाशातील लाल ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेता आली.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील काही उपकरणे सूर्याकडे पाहतात. त्यांपैकी अतिनील किरणांची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली आहे. इतर उपकरणे वाहत्या सौरवाऱ्यातील कण मोजतात आणि चुंबकीय क्षेत्राची दिशा नोंदवतात. द्रव्यक्षेप निघाल्याचे दुर्बिणीतून एक-दोन दिवस आधी कळते, परंतु त्यातील क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो एल१ वर पोहोचेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही.

मग हाती किती वेळ उरतो? हा हिशेब आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना करायला द्यावा. पंधरा कोटी किलोमीटरला ४०० ने भागले तर साध्या सौरवाऱ्याला येथवर यायला चार दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो असे दिसेल. कॅरिंग्टनच्या साडेसतरा तासांवरून सरासरी वेग काढला, तर तो सेकंदाला सुमारे २,४०० किलोमीटर येतो. एल१ पासून पृथ्वीपर्यंतचे १५ लाख किलोमीटर सेकंदाला ५०० किलोमीटर वेगाने पन्नास मिनिटांत कापले जातात. १८५९ सारख्या वेगाने फक्त दहा मिनिटांत. वीजकेंद्रातील माणसाला तेवढ्यातच निर्णय घ्यायचा असतो.

अलिबागची वेधशाळा आजही रोजच्या रोज चुंबकीय क्षेत्र मोजते. ज्या शाळांना शक्य असेल त्यांनी सहलीसाठी समुद्रकिनारा आणि किल्ल्याबरोबर या वेधशाळेचाही विचार करावा. परवानगी आधी घ्यावी लागेल. तेथील आलेखाची सरळ जाणारी रेघ विद्यार्थ्यांना प्रथमदर्शनी कंटाळवाणी वाटेल. त्यांना कुलाब्याच्या २ सप्टेंबर १८५९ च्या पानाची गोष्ट आधी सांगितलेली असावी.